तक्त्यातली एक रेघ

गोंदिया जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत चहाच्या सुट्टीत एका शिक्षकांनी एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. ती त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयातील बारावीच्या एका मुलीची होती. प्रश्न नेहमीचाच होता : ‘क्ष-किरण आणि गॅमा किरण यांपैकी कोणाची वारंवारता अधिक असते?’ अपेक्षित उत्तर तीन शब्दांचे, ‘गॅमा किरणांची असते’. मुलीने लिहिले होते, ‘क्ष-किरण किती व्होल्टच्या नळीतून आले आणि गॅमा किरण कोणत्या पदार्थातून आले हे दिल्याशिवाय सांगता येणार नाही.’ समोर लाल शाईत शून्य होते.

‘‘सर, शून्य मीच दिले,’’ ते शिक्षक म्हणाले. ‘‘तक्त्यात स्पष्ट दिलेले आहे. पण ती वर्गात भांडली, आणि तेव्हापासून मला चैन नाही.’’

मी त्यांना सांगितले की त्या मुलीला पूर्ण गुण द्यायला हवेत, आणि प्रश्न काढणाऱ्याचा एक गुण कापायला हवा. ते हसले, पण ‘का’ हे चहाच्या सुट्टीत सांगून होण्यासारखे नव्हते. ते येथे सांगतो. यात त्या शिक्षकांचा दोष थोडा आणि भिंतीवरच्या तक्त्याचा अधिक आहे.

तो तक्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डावीकडे रेडिओ लहरी, मग सूक्ष्मलहरी, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण आणि अगदी उजव्या टोकाला गॅमा किरण. प्रत्येकाला स्वतंत्र चौकट आणि दोन चौकटींमध्ये एक ठळक रेघ. डावीकडून उजवीकडे वारंवारता वाढत जाते, हे तक्त्याचे म्हणणे बरोबर आहे. वादाचा मुद्दा आहे तो शेवटच्या रेघेचा, म्हणजे क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्यामधल्या रेघेचा. निसर्गात अशी रेघ कोठे आहे काय?

प्रथम थोडे गणित करू. या किरणांची वारंवारता इतकी मोठी असते की हर्ट्झमध्ये लिहिताना शून्ये मोजून डोळे दुखतात. म्हणून १ या अंकावर १८ शून्ये दिली की होणाऱ्या संख्येइतक्या हर्ट्झला १ एक्साहर्ट्झ म्हणतात, ते एकक आपण वापरू. फोटॉनची ऊर्जा त्याच्या वारंवारतेच्या समप्रमाणात असते. प्लांकच्या या नियमावरून १ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या फोटॉनची वारंवारता ०.२४२ एक्साहर्ट्झ आणि १ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनची २४.२ एक्साहर्ट्झ येते. दुसरे सूत्र तरंगलांबीचे. नॅनोमीटरचा हजारावा भाग म्हणजे पिकोमीटर. तरंगलांबी पिकोमीटरमध्ये घेतली तर ३०० ला तिने भागल्यावर वारंवारता एक्साहर्ट्झमध्ये मिळते. एवढी दोन सूत्रे हाती असली की पुढचा सगळा वाद फळ्यावर सोडवता येतो.

आता दोन किरण घेऊ. पहिला, दवाखान्यातील क्ष-किरण नळीतला. नळीत टंगस्टनच्या लक्ष्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळतात. टंगस्टन अणूच्या अगदी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला की वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो आणि ५९.३ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. त्याची वारंवारता सुमारे १४.३ एक्साहर्ट्झ. दुसरा किरण अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी समस्थानिकाचा. धुराची सूचना देणाऱ्या काही प्रकारच्या उपकरणांत हा पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतो. त्याच्या ऱ्हासानंतर मागे राहिलेल्या अणुकेंद्रकातून ५९.५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन निघतो. त्याची वारंवारता सुमारे १४.४ एक्साहर्ट्झ. पहिल्याला आपण क्ष-किरण म्हणतो, दुसऱ्याला गॅमा किरण. दोहोंच्या वारंवारतेत अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. हे दोन फोटॉन डोळे झाकून हातावर ठेवले, तर ‘हा क्ष, हा गॅमा’ असे ओळखण्याचा कोणताही उपाय भौतिकशास्त्रात नाही. आपल्या जन्माची हकिगत फोटॉन बरोबर घेऊन फिरत नाही.

मग नावे वेगळी का? कारण ही नावे जन्मस्थानाची आहेत. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या घडामोडीतून किंवा वेगवान इलेक्ट्रॉन अडवल्यामुळे निघालेले ते क्ष-किरण, आणि अणुकेंद्रकातून निघालेले ते गॅमा किरण. तांदळाचे पोते गोंदियाचे की बालाघाटचे एवढे सांगितले म्हणून आतल्या दाण्याची लांबी कळत नाही. ती दाणा हातात घेऊन मोजावी लागते. तसेच हे आहे.

आता आणखी काही किरणांची वारंवारता मांडून पाहू. आकडे एक्साहर्ट्झमध्ये आहेत.

लोह-५७ च्या केंद्रकातील गॅमा किरण – ३.५
छातीच्या चित्रासाठी १२० हजार व्होल्टवर चालवलेल्या नळीतील क्ष-किरण – जास्तीत जास्त २९
अवयवांच्या चित्रणासाठी शरीरात टोचल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे गॅमा किरण – ३४
सीझियम-१३७ च्या स्रोताचे गॅमा किरण – १६०
कोबाल्ट-६० चे दोन गॅमा किरण – २८४ आणि ३२२
कर्करोगावरील उपचाराच्या ६० लाख व्होल्टच्या रेषीय त्वरकातील क्ष-किरण – जास्तीत जास्त १४५०

पहिल्या दोन ओळी पाहा : गॅमा किरण क्ष-किरणांच्या खाली. शेवटच्या दोन ओळी पाहा : पुन्हा गॅमा किरण क्ष-किरणांच्या खाली. आपल्या भागातील रुग्ण उपचारासाठी नागपूरला किंवा मुंबईला जातात तेव्हा कोणाला कोबाल्ट यंत्रावर तर कोणाला रेषीय त्वरकावर घेतात. त्वरकातील सर्व क्ष-किरण कमाल ऊर्जेचे नसतात. त्यांची सरासरी कमालच्या साधारण एक तृतीयांश असते. तीसुद्धा कोबाल्टच्या गॅमा किरणांहून अधिक भरते. तात्पर्य, ‘गॅमा म्हणजे जास्त’ हे विधान कर्करोग रुग्णालयाच्या दारातच कोलमडते.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. एनसीईआरटीच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातील आठवे प्रकरण विद्युतचुंबकीय तरंगांवर आहे. नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयासारख्या केंद्रीय मंडळाच्या शाळांत हे पुस्तक थेट शिकवले जाते, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेमुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरातही ते असते. पुस्तक चांगले आहे, म्हणूनच त्यावर टीका करण्यात अर्थ आहे. एका प्रकारच्या तरंगापासून दुसऱ्या प्रकाराला वेगळी करणारी नेमकी सीमा नसते, आणि वर्गीकरण साधारणपणे तरंग कसे निर्माण होतात वा कसे ओळखले जातात यावर आधारलेले आहे, असे हे प्रकरण स्पष्टपणे सांगते. त्यातील मजकुरात क्ष-किरणांची तरंगलांबी १० नॅनोमीटरपासून ०.०००१ नॅनोमीटरपर्यंत दिली आहे, तर गॅमा किरणांची ०.१ नॅनोमीटरपासून खाली. म्हणजे मजकुरानुसार दोन्ही पट्टे हजारपटीच्या अंतरात एकमेकांवर पसरलेले आहेत. हे अगदी योग्य आहे.

पण त्याच प्रकरणाच्या शेवटी जे कोष्टक दिले आहे, त्यात क्ष-किरण १ नॅनोमीटरपासून ०.००१ नॅनोमीटरपर्यंत आणि त्याखाली गॅमा किरण अशी वाटणी आहे. मजकुरातली सरमिसळ कोष्टकात नाहीशी झाली आणि रेघ आली. विद्यार्थी पाठ काय करतो? अर्थातच कोष्टक.

ही रेघ कोठे पडते ते तपासू. ०.००१ नॅनोमीटर म्हणजे १ पिकोमीटर, म्हणजे ३०० एक्साहर्ट्झ. आता कोबाल्ट-६० आठवा. त्याच्या ऱ्हासातून निकेलचे उत्तेजित केंद्रक तयार होते आणि ते एकापाठोपाठ एक असे दोन फोटॉन सोडून शांत होते. पहिला ११.७ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा, वारंवारता २८४ एक्साहर्ट्झ. दुसरा १३.३ लाखांचा, वारंवारता ३२२ एक्साहर्ट्झ. कोष्टकाची रेघ बरोबर दोघांच्या मधून जाते! एकाच केंद्रकातून क्षणार्धाच्या अंतराने निघालेल्या या सख्ख्या भावंडांपैकी थोरला क्ष-किरण ठरतो आणि धाकटा गॅमा किरण. सीझियम-१३७ तर पूर्णपणे क्ष-किरणांच्या चौकटीत जाऊन बसतो. त्याच कोष्टकातील निर्मितीच्या रकान्यात गॅमा किरणांपुढे ‘केंद्रकाचा किरणोत्सारी ऱ्हास’ असे लिहिलेले आहे. म्हणजे एकाच ओळीतील दोन रकाने एकमेकांशी भांडतात. कोबाल्टचा पहिला फोटॉन एका रकान्याप्रमाणे गॅमा, दुसऱ्याप्रमाणे क्ष.

ही रेघ आली कोठून, हे समजण्यासाठी इतिहासात डोकवावे लागते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्यूर्त्सबुर्ग येथे राँटगेन यांना हे किरण सापडले. स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले. आपणही त्यासाठी आपल्या बीजगणितातला ‘क्ष’ घेतला. १९०० साली पॅरिसमध्ये पॉल व्हिलार यांना रेडियममधून निघणारे, चुंबकाने न वळणारे अतिभेदक किरण आढळले. अल्फा आणि बीटा ही नावे आधीच दिलेल्या रदरफर्ड यांनी १९०३ साली त्यांना गॅमा म्हटले. हे दोन्ही एकाच जातीचे आहेत हे तेव्हा माहीत नव्हते. १९१२ मध्ये लाउए यांच्या कल्पनेनुसार स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन दिसले आणि दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, रदरफर्ड आणि आंद्रादे यांनी स्फटिकाच्याच साहाय्याने गॅमा किरणांची तरंगलांबी मोजली. तोपर्यंत दोन्ही नावे रुळून गेली होती. शिवाय त्या काळच्या नळ्यांना फार मोठा विद्युतदाब सोसत नसे. त्यामुळे रेडियमचे गॅमा किरण नळीतील क्ष-किरणांहून खरोखरच अधिक वारंवारतेचे असत. तक्त्यातला क्रम त्या दिवसांतला आहे आणि त्या दिवसांपुरता तो ठीक होता. १९४० साली डोनाल्ड कर्स्ट यांनी इलिनॉय विद्यापीठात बीटाट्रॉन चालवला. त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. यंत्रातले क्ष-किरण गॅमा किरणांच्या पुढे जाऊ लागले, पण तक्ता मात्र होता तेथेच राहिला.

येथे कोणी म्हणेल, ‘मग उगमावरून नाव, हीच व्याख्या पाठ करून घेऊ.’ त्यातही सावधगिरी हवी, कारण वैज्ञानिक स्वतःच ती सर्वत्र पाळत नाहीत. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नाहीसे करतात तेव्हा ५.११ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन निघतात. ते केंद्रकातून आलेले नसतात, तरी सर्रास गॅमा म्हटले जातात. गडगडाटी ढगांतून निघणारे गॅमा झोत १९९४ मध्ये जाहीर झाले. ते इलेक्ट्रॉन अडवले गेल्याने निर्माण होतात, म्हणजे उगमाने पाहिले तर क्ष-किरणच. खगोलशास्त्रज्ञांना तर दूरच्या ताऱ्यात फोटॉन कसा जन्मला हे आधी ठाऊकच नसते. ते साधारण १ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गॅमा असा सोयीचा व्यवहार करतात आणि तोही सैलपणे. भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडला गेला. त्यावरील एक क्ष-किरण उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले आणि पुण्याच्या आयुकाचाही त्यात सहभाग होता. ६ ऑक्टोबरला ते कार्यान्वित झाले आणि पहिल्याच दिवशी त्याने एक गॅमा किरण स्फोट टिपला. क्ष-किरणांच्या उपकरणाने गॅमा किरण पकडले याचे कोणालाही नवल वाटले नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण याहून गमतीचे आहे. थोरियम-२२९ च्या केंद्रकात एक अशी पातळी आहे की तेथून उतरताना निघणाऱ्या फोटॉनची ऊर्जा अवघी ८.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. २०२४ मध्ये हे संक्रमण लेसरने घडवून आणण्यात यश आले. हा फोटॉन केंद्रकातून येतो, पण त्याची तरंगलांबी सुमारे १४८ नॅनोमीटर, म्हणजे चक्क अतिनील पट्ट्यातली. नावाच्या आग्रहाने त्याला गॅमा म्हणायचे झाल्यास तक्त्यात दोन चौकटी डावीकडे उडी मारावी लागेल.

हा सगळा शब्दांचा कीस आहे, एका गुणासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. तसे नाही. ‘गॅमा वरचा, क्ष खालचा’ ही उतरंड विद्यार्थ्याच्या मनात लगेच दुसरे रूप घेते : गॅमा भयंकर, क्ष निरुपद्रवी. ही समजूत घेऊन तो समाजात वावरतो.

पहिली गोष्ट, वारंवारता म्हणजे मात्रा नव्हे. आपल्या धानाच्या बांधीतील मातीत, आपल्या जेवणात आणि आपल्या शरीरात पोटॅशियम-४० असते. त्याचे गॅमा किरण ३५३ एक्साहर्ट्झचे आहेत, म्हणजे छातीच्या चित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांच्या कमाल वारंवारतेच्या बारा पट. म्हणून काही आपण एकमेकांपासून दूर पळत नाही, कारण त्यांची संख्या अल्प असते. उलट कमी वारंवारतेचे क्ष-किरण फार मोठ्या मात्रेत मिळाले तर त्वचा भाजते. किती ऊर्जेचे आणि किती, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. नाव पुरत नाही.

ज्यांना नियम करावे लागतात ते नावावर विसंबत नाहीत. लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. अन्नाच्या किरणनाविषयीचे कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये सुधारले गेले. त्यात कोबाल्ट-६० व सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांना मान्यता आहे आणि ऊर्जेची मर्यादा घातली आहे ती यंत्रातील क्ष-किरणांवर : ५० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त नको. कारण फार मोठ्या ऊर्जेच्या फोटॉनांमुळे अन्नातच किरणोत्सार निर्माण होण्याची शक्यता असते. समस्थानिकाचे किरण ठरावीक ऊर्जेचेच असतात. यंत्राचा दाब मात्र वाढवता येतो. म्हणजे येथे लगाम क्ष-किरणांना आहे!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारखे प्रकल्प उभारताना बॉयलरच्या नळ्यांचे सांधे आतून निर्दोष आहेत ना, हे किरणांनी चित्र घेऊन पाहिले जाते. अशा कामासाठी कधी क्ष-किरण नळी तर कधी इरिडियम-१९२ चा गॅमा स्रोत वापरतात. तीन लाख व्होल्टच्या नळीतील क्ष-किरण ७२ एक्साहर्ट्झपर्यंत जातात. इरिडियमचा सर्वांत ठळक किरण सुमारे ७७ एक्साहर्ट्झचा. वारंवारतेत म्हणण्यासारखे अंतर नाही. पण कामगाराच्या जिवाच्या दृष्टीने एक फरक जबरदस्त आहे : नळीचे बटण बंद केले की क्ष-किरण थांबतात, इरिडियमला बटण नसते. तो पेटीत झाकता येतो, विझवता येत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतील भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून विकले गेलेले जुने उपकरण फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. उपकरण कित्येक वर्षे वापरात नव्हते, पण कोबाल्ट आपले काम करतच होते. अनेकांना इजा झाली आणि एक कामगार दगावला.

म्हणून ‘हे किरण कोठून येतात?’ हा प्रश्न जीव वाचवणारा आहे. क्ष आणि गॅमा या नावांत खरी मोलाची माहिती हीच आहे, आणि तक्त्यातली रेघ नेमकी तीच पुसून टाकते. ती नावांना उगमाऐवजी वारंवारतेच्या पायऱ्या बनवते.

तर शिक्षकांनी काय करावे? तक्ता फाडू नये. रेडिओपासून अतिनीलपर्यंत तो उत्तम काम देतो. फक्त उजव्या टोकाला क्ष आणि गॅमा यांचे दोन पट्टे एकाखाली एक, एकमेकांवर पसरलेले असे काढावेत आणि पट्ट्यांची टोके खडूने पुसट करावीत. मग प्रश्न बदलावा : ‘१०० हजार व्होल्टच्या नळीतील क्ष-किरणांची कमाल वारंवारता काढा आणि ती अमेरिसियम-२४१ च्या गॅमा किरणांशी ताडून पाहा.’ उत्तर येते २४.२ विरुद्ध १४.४. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही, आणि विद्यार्थी तक्ता आठवण्याऐवजी विचार करू लागतो. स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतून निवडायचे असेल तेव्हा ‘गॅमा’वर खूण करावी, हेही सांगावे, तेथे पट्ट्याच्या अगदी टोकाविषयी विचारलेले असते. पण ती परीक्षेची रीत आहे, निसर्गाची नव्हे, हेही त्याच दमात सांगावे.

कार्यशाळेतले ते शिक्षक जाताना म्हणाले, ‘‘गुण देतो. पण वर्गात काय सांगू?’’ मी म्हटले, ‘‘तिलाच फळ्यापुढे बोलवा आणि हे गणित करायला सांगा.’’ प्रश्न अपुरा आहे हे ओळखणे आणि ते निर्भयपणे लिहिणे, हे विज्ञानातले पहिले पाऊल आहे. एका रेघेपायी त्या पावलाला शून्य मिळू नये.